पिकअप उंच करायची, खर्च बेताचा ठेवायचा: पैसे कुठे वाचवावेत आणि कुठे नाही

प्रश्न: माझ्या पिकअपला पुढे डबल विशबोनवर कॉइल स्प्रिंग आहे, मागे अखंड ॲक्सल आणि पाटे (लीफ स्प्रिंग). कच्च्या रस्त्यावर गाडीचं पोट घासतं. दोन-तीन इंच उंची मिळाली तर काम होईल, पण पूर्ण लिफ्ट किटचा खर्च झेपणारा नाही. अधूनमधून मालही भरतो. ओळखीचा एकजण ॲक्सल आणि पाट्यांच्या मध्ये घालायचे चार इंची ठोकळे आणि ते आवळायचे जुने यू-बोल्ट द्यायला तयार आहे. ते लावावेत का? आणि यातलं घरच्या घरी किती करता येईल?

उत्तर: चार इंची ठोकळे घेऊ नका, हे आधी सांगून टाकतो, कारणं पुढे येतील. तुमच्या गाडीला दोन इंचांच्या आत राहून, पूर्ण किट न घेता, व्यवस्थित उंची देता येते.

उंची देणारे भाग मुळात स्वस्तच असतात. लोखंडाचा ठोकळा, एखादा स्पेसर, एक जास्तीचा पाटा, त्यात महाग असं काही नाही. खर्च वाढतो तो उंचीमुळे जे जे जागचं हलतं ते परत जागेवर आणताना. ब्रेकचे होज, शॉकॲब्सॉर्बर, प्रोपेलर शाफ्टचे (गिअरबॉक्सपासून मागच्या ॲक्सलला ताकद पोहोचवणाऱ्या दांड्याचे) कोन, स्टिअरिंगची भूमिती, हेडलाइट, सगळ्यांवर परिणाम होतो. दीड-दोन इंचांपर्यंत यातलं बरंचसं कंपनीने ठेवलेल्या मोकळीकीत सामावतं. तीन इंचांच्या पुढे सामावत नाही, आणि तिथे स्वस्तात लिफ्ट करणं म्हणजे काहीतरी जरुरीचं काम न करता सोडून देणं, एवढाच अर्थ उरतो.

आधी गाडीखाली जाऊन घासतं ते नेमकं काय ते बघा. ताजे ओरखडे लगेच दिसतात. मागच्या ॲक्सलच्या मधोमध असलेला डिफरन्शिअलचा गोळा घासत असेल तर ठोकळे, पाटे, शॅकल (पाट्याचं टोक चासीला जोडणारी पट्टी), कशाचाच उपयोग नाही. अखंड ॲक्सल चाकांच्या मध्यावर असतो. स्प्रिंगचं काहीही करा, तो जमिनीपासून तेवढाच राहणार. त्याला वर नेतो तो फक्त मोठा टायर. चासी, टाकीचं गार्ड, पायरी किंवा पुढचा बंपर घासत असेल तर सस्पेन्शनच्या उंचीने फरक पडेल. आणि सायलेन्सर लोंबून घासत असेल तर हँगरची रबरं बदला, तेवढ्यात काम भागेल. गाडी उंच करायला आलेल्या माणसाची अडचण प्रत्यक्षात एवढीच निघाली, असं बऱ्याचदा होतं.

दुसरी गोष्ट मोजमापाची. गाडी सपाट जागी रिकामी उभी करा, थोडी पुढे-मागे चालवा म्हणजे सस्पेन्शन आपल्या जागी बसेल, आणि चाकाच्या हबच्या मध्यापासून मडगार्डच्या कमानीपर्यंत सरळ वर माप घ्या. जमिनीपासून मोजू नका, टायरमधल्या हवेनुसार ते माप बदलतं. चारही चाकांची मापं लिहून ठेवा आणि सर्व्हिस मॅन्युअलमधल्या आकड्यांशी ताडून पाहा. जुन्या, माल वाहिलेल्या पिकअपचे पाटे बसलेले असतात. कधीकाळी कमान असलेला मुख्य पाटा सपाट होऊन गेलेला असतो. मग तुम्हाला हवी असलेली उंची गाडीत मुळातच होती, फक्त ती गेली आहे. मूळ मापाचे नवे पाटे आणि नवी बुशं घातली तर ती परत मिळते आणि बाकी कशालाही हात लावावा लागत नाही. सगळ्या उपायांत मला हाच सर्वांत जास्त पटतो. पाटे थंड ठोकून त्यांना परत कमान देतात तेही स्वस्त पडतं, पण उष्णता-प्रक्रियेशिवाय केलेली ती कमान टिकत नाही. वजन वाहायचं असेल तर त्या वाटेला जाऊ नका.

आता टायर. टायरचा व्यास जितका वाढेल त्याच्या निम्मी उंची मिळते. २६५/७० आर १६ टायरचा व्यास सुमारे ७७७ मि.मी., तर २६५/७५ आर १६ चा सुमारे ८०४ मि.मी. म्हणजे गाडी साधारण १३ मि.मी. वर जाते. ऐकायला अर्धा इंच, पण हा अर्धा इंच डिफरन्शिअलखालीसुद्धा मिळतो, आणि खाचखळग्यांत तोच कामाला येतो. टायर तसेही बदलायचे असतील तर वेगळा खर्चही जवळजवळ नाही. एक ध्यानात ठेवा: वरच्या उदाहरणात व्यास साडेतीन टक्क्यांच्या आसपास वाढतो, त्यामुळे स्पीडोमीटर १०० दाखवेल तेव्हा खरा वेग तेवढ्याच प्रमाणात जास्त असेल. टायरचा लोड इंडेक्स (तो किती वजन पेलतो त्याचा आकडा) मूळ टायरपेक्षा कमी असता कामा नये, मग नक्षी कितीही दणकट दिसो. नवा टायर लावल्यावर स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून, आणि पुढचं एक चाक उंचवट्यावर चढवून, आतल्या लायनरला किंवा मागच्या बाजूच्या पत्र्याला घासतो का ते पाहा. सपाट जागेवर न घासणारा टायर वळणावरच्या खड्ड्यात घासू शकतो.

पुढच्या बाजूला तुमच्यासाठी सगळ्यात कमी खर्चाचा मार्ग म्हणजे स्ट्रटच्या (स्प्रिंग आणि शॉकॲब्सॉर्बरच्या एकत्र संचाच्या) डोक्यावर, त्याच्या आणि चासीच्या मध्ये बसणारा स्पेसर. यात एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. स्ट्रटचं खालचं टोक खालच्या आर्मच्या (विशबोनच्या) मधल्या भागात जोडलेलं असतं, चाकापाशी नाही. त्यामुळे २५ मि.मी. जाडीच्या स्पेसरने चाकापाशी साधारण ४० ते ५० मि.मी. उंची वाढते. दोन इंच हवेत म्हणून दोन इंची स्पेसर घेतला तर गाडी तीन-चार इंच वर जाईल, वरचा बॉल जॉइंट टोकाच्या कोनाला टेकेल, वरचा आर्म स्प्रिंगला लागेल आणि फोर-व्हील-ड्राइव्ह असेल तर पुढच्या चाकांना ताकद देणाऱ्या सांध्यांची (सीव्ही जॉइंटची) रबरी बुटं घडीत घासून फाटतील. म्हणून विकणाऱ्याला विचारायचं ते स्पेसरची जाडी किती हे नाही, चाकापाशी उंची किती मिळते हे.

स्पेसरचा दुसरा एक प्रकार आहे, तो स्प्रिंग आणि वरच्या माउंटच्या मध्ये बसतो. तो बसवायला स्प्रिंग दाबून स्ट्रट उघडावा लागतो. दाबलेल्या कॉइलमध्ये शेकडो किलोंचा जोर कोंडलेला असतो; स्प्रिंग दाबायच्या कॉम्प्रेसरचा हूक सुटला तर हात किंवा चेहरा वाचत नाही. हे काम घरी अजिबात करू नका, भिंतीला बसवलेला पक्का कॉम्प्रेसर असलेल्या गॅरेजमध्येच द्या. डोक्यावरच्या स्पेसरमध्ये स्ट्रट न उघडता काम होतं, म्हणून तो बरा. त्यात सुद्धा एकच, चांगल्या ॲल्युमिनियमचा किंवा स्टीलचा. एकावर एक दोन कधीच नाही.

कॉइलऐवजी टॉर्शन बार (पीळ घेऊन स्प्रिंगचं काम करणारी दांडी) असलेल्या पिकअपवाल्यांना पुढची उंची जवळजवळ फुकट मिळते. बारचा ॲडजस्टिंग बोल्ट फिरवला की झालं. चाकं हवेत ठेवून बारवरचा ताण उतरवा, आट्यांना ग्रीस लावा, दोन्ही बाजूंना सारखं फिरवा आणि दर खेपेला वर सांगितलेल्या पद्धतीने मोजा. वरच्या आर्मखालचं, चाकाला जास्त खाली जाऊ न देणारं ड्रूप स्टॉपचं रबर टेकायला लागलं तर तुम्ही जास्त फिरवलंय. तेव्हा चाकाला खाली जायला जागाच उरत नाही आणि प्रत्येक खड्ड्यात दणका बसतो. इंच-दीड इंचावर थांबा.

कुठल्याही पद्धतीने पुढचा भाग उचला, पण तो मागच्याच्या बरोबरीला आणू नका. पिकअपचा मागचा भाग कंपनीने मुद्दाम उंच ठेवलेला असतो, माल भरल्यावर गाडी समतल व्हावी म्हणून. रिकामी असताना समतल केलेली गाडी माल भरला की नाक वर करते: हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातात, पुढच्या चाकांवरचं वजन कमी होऊन स्टिअरिंग हलकं पडतं. तुम्ही माल वाहता, म्हणून मागचा भाग रिकाम्या गाडीत इंचभर तरी उंच राहू द्या.

मागे तीन स्वस्त पर्याय आहेत: पाटा वाढवणं, ठोकळा आणि लांब शॅकल. माल वाहणाऱ्या गाडीला मी पाटा वाढवायला सांगतो. मात्र तो जवळपास पूर्ण लांबीचा असावा. आखूड पाटा स्वस्त असतो, पण सगळा जोर मधल्या भागात एकवटतो आणि त्याच्या टोकाशी वरचा पाटा तुटण्याचा धोका असतो. पाटा वाढल्यावर रिकाम्या गाडीत बसणं थोडं कडक होईल, ते मान्य करावं लागतं. आणि वाढवलेल्या पाट्याने गाडीची भारक्षमता वाढत नाही. ॲक्सल, बेअरिंग, ब्रेक, टायर आणि चासी तीच आहेत; आरसी किंवा दरवाज्यावरच्या प्लेटवर लिहिलेलं वजन तेच राहतं. मागचा भाग बसत नाही म्हणून जास्त माल भरला जातो, आणि मग उतारावर ब्रेक कमी पडतात.

ठोकळा ॲक्सल आणि पाट्यांच्या मध्ये बसतो. एक-दीड इंची, भरीव लोखंडी, पाट्याच्या बैठकीएवढ्या रुंदीचा आणि खाली-वर पिन असलेला ठोकळा नीट बसवला तर चालतो. पण ब्रेक दाबताना आणि ॲक्सिलरेटर दाबताना ॲक्सल स्वतःभोवती वळायला बघतो, आणि ठोकळा जितका उंच तितकी त्याला पाटे पिळायला लांब तरफ मिळते. चार इंचांच्या ठोकळ्यावर पाटा इंग्रजी एस अक्षरासारखा वाकतो, प्रोपेलर शाफ्टच्या टोकांच्या सांध्यांना, म्हणजे यू-जॉइंटना, झटके बसतात, आणि ठोकळा सरकला तर ॲक्सलच जागचा हलतो. म्हणूनच ते चार इंची ठोकळे नकोत. पुढच्या ॲक्सलला पाटे असतील तर तिथे ठोकळा कुठल्याच उंचीचा लावायचा नाही, कारण ब्रेकचा मोठा भार पुढेच येतो. ठोकळ्यावर ठोकळा किंवा लाकडाचा ठोकळा, हे प्रकारही रस्त्यावर पाहायला मिळतात. अशा गाडीत मी माणसं बसू देणार नाही.

लांब शॅकलने वाढलेल्या लांबीच्या निम्मी उंची मिळते, आणि शिवाय ॲक्सल फिरून डिफरन्शिअलचं नाक वर होतं. १३०० मि.मी. लांबीच्या पाट्याला ५० मि.मी. जास्त लांबीचे शॅकल लावले तर उंची मिळेल इंचभर आणि कोन बदलेल दोन अंशांहून थोडा जास्त. पाट्याला आडवं हलायलाही जास्त वाव मिळतो. मी शॅकल टाळतो.

प्रोपेलर शाफ्टबद्दल इथेच सांगतो. शाफ्टच्या दोन टोकांच्या यू-जॉइंटचे कोन एकमेकांचा परिणाम रद्द करत असले तरच तो थरथरल्याशिवाय फिरतो. मागची उंची वाढली की हे गणित बिघडू शकतं. दोन तुकड्यांच्या शाफ्टमध्ये जागेवरून उठताना गाडी थरथरते, मग मधल्या बेअरिंगच्या ब्रॅकेटखाली पातळ पट्ट्या घालून ते थोडं खाली घ्यावं लागतं. अखंड शाफ्टला ठराविक वेगावर गुणगुण ऐकू येते. तिथे पाचराच्या आकाराची पट्टी पाट्याखाली घालून कोन दुरुस्त करतात. "सवय होईल" म्हणून ही थरथर सोडून देऊ नका, ती यू-जॉइंट आणि गिअरबॉक्सचं मागचं सील खाते.

आता जी गोष्ट सर्वांत जास्त विसरली जाते ती. बऱ्याच पिकअपमध्ये मागच्या ॲक्सलपासून चासीकडे जाणारा एक बारीक दांडा किंवा स्प्रिंग दिसते, तिचं वरचं टोक ब्रेकच्या एका व्हॉल्व्हच्या तरफेला जोडलेलं असतं. हा भार ओळखणारा व्हॉल्व्ह. माल भरला की चासी ॲक्सलच्या जवळ येते, दांडा तरफ ढकलतो आणि मागच्या ब्रेकला जास्त दाब मिळतो. गाडी रिकामी असली की अंतर वाढतं आणि दाब कमी होतो, म्हणजे मागची चाकं जाम होत नाहीत. तुम्ही मागचा भाग दोन इंच वर नेलात तर व्हॉल्व्हला गाडी कायम रिकामी, किंबहुना रिकाम्याहून हलकी वाटते. भरल्या गाडीत मागचे ब्रेक कमी लागतात, सगळा भार पुढच्यांवर येतो आणि थांबायला जास्त अंतर लागतं. रोजच्या चालवण्यात हे कळतसुद्धा नाही. कळतं ते माल भरून जोरात ब्रेक दाबावा लागतो तेव्हा. उपाय स्वस्त आहे: ॲक्सलवरचं दांड्याचं ब्रॅकेट वाढवलेल्या उंचीइतकंच वर घेणं. ते करून मॅन्युअलप्रमाणे दाब तपासून घ्या. दांडा काढून व्हॉल्व्ह तारेने बांधून टाकणारे मेकॅनिक असतात. तसं करू देऊ नका.

बॉडी लिफ्टचंही नाव तुम्ही ऐकलं असेल. चासी आणि बॉडी यांच्या मधल्या रबरांवर ठोकळे बसवून फक्त बॉडी वर घ्यायची. सस्पेन्शन, शाफ्ट, चाकांचे कोन जसेच्या तसे राहतात आणि इंजिन-गिअरबॉक्सचं वजन खालीच राहतं, हे तिचे गुण. पण चासी वर जात नाही, म्हणून तुमचं पोट घासायचं थांबणार नाही. तिचा उपयोग मोठ्या टायरला जागा करण्यापुरता. केबिनसोबत मागचा हौदाही तितकाच वर घ्यावा लागतो, आणि स्टिअरिंग शाफ्टचा सरकता सांधा, गिअरची दांडी, डिझेल भरायचा होज, अर्थच्या वायरी, रेडिएटरच्या काउलमध्ये फिरणारा पंखा, एकेक तपासावं लागतं. स्टिअरिंग शाफ्टचे दाते एकमेकांत कमी अडकून राहिले तर त्याला जोड हवाच. तुमच्यासाठी मी हा मार्ग सुचवणार नाही.

उंचीची खरी किंमत वळणावर मोजली जाते. गाडी उलटण्याला किती विरोध करते याचं एक साधं माप आहे: डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर भागिले गुरुत्वमध्याच्या उंचीची दुप्पट. समजा अंतर १५४० मि.मी. आणि गुरुत्वमध्य ७०० मि.मी. उंचीवर, माप आलं १.१०. दोन इंच उचललेल्या गाडीत गुरुत्वमध्य ४५ मि.मी. वर गेला तर ते १.०३ होतं. चार इंच उचललीत आणि तो ९० मि.मी. वर गेला तर ०.९७. वर हौद्यात उंच रचलेला माल आला की हे आकडे आणखी खाली येतात. म्हणून मी दोन इंचांवर अडून बसतो.

घरी काय करता येईल? मागचा पाटा वाढवणं आणि पुढचा डोक्यावरचा स्पेसर, हत्यारं आणि सोबतीला एक माणूस असेल तर करता येतं. काँक्रीटची सपाट जागा घ्या, जमिनीवर राहणाऱ्या चाकांना दोन्ही बाजूंनी उटी (सरकू नयेत म्हणून पाचरी) लावा. गाडी चासीखाली जॅक स्टँडवर घ्या, दोन्ही बाजूंना, आणि खाली शिरण्याआधी जोरात हलवून बघा. ॲक्सलखाली वेगळा जॅक हवा, कारण यू-बोल्ट सुटले की ॲक्सल लोंबतो आणि ब्रेकच्या होजवर ताण येतो. नुसत्या हायड्रॉलिक जॅकच्या भरवशावर एक मिनिटही खाली जायचं नाही. त्याच्या सीलमधून तेल सुटलं तर आवाजसुद्धा होत नाही. पाट्यांना मध्यात एकत्र धरणारा सेंटर बोल्ट काढण्याआधी दोन्ही बाजूंना मोठे जी-क्लॅम्प लावा, नाहीतर पाटे उसळतात. यू-बोल्ट चौकटीत आलटून-पालटून, टॉर्क रेंचने, मॅन्युअलच्या आकड्याला आवळा. पाट्याच्या आणि आर्मच्या रबरी बुशांचे बोल्ट मात्र गाडी चाकांवर उभी केल्यावरच शेवटचे आवळायचे. चाकं लोंबत असताना आवळले तर बुश कायमची पिळलेली राहतात आणि लवकर फाटतात.

काम झाल्यावर गाडी परत उचलून चाकं पूर्ण लोंबू द्या आणि स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवून बघा: ब्रेकचे होज, एबीएसच्या वायरी, हँडब्रेकची केबल, डिफरन्शिअलची ब्रीदर नळी, सगळ्यांत थोडी ढील राहिली पाहिजे. शॉकॲब्सॉर्बर पूर्ण ताणला जाऊन तोच चाकाला अडवत असेल तर लांब शॉक घ्यावे लागतील, तो खर्च धरून ठेवा. व्हील अलाइनमेंट त्याच दिवशी करून घ्या, हेडलाइटचा झोत खाली घ्या, आणि गाडीत पुढचा कॅमेरा-रडार असेल तर त्याचं कॅलिब्रेशनही. पहिल्या ५०० किलोमीटरनंतर यू-बोल्ट आणि बाकीचे बोल्ट पुन्हा टॉर्कला तपासा. काम सुरू करण्याआधी नोंदणीचे नियम आणि विम्याच्या अटी वाचून घ्या; केलेला बदल न कळवल्यास दावा अडकू शकतो.

तुमच्या गाडीला मी असं करेन: बसलेले पाटे असतील तर आधी ते, पुढे चाकापाशी दीड इंच देणारा स्पेसर, मागे पूर्ण लांबीचा एक पाटा, ब्रेकच्या व्हॉल्व्हचं ब्रॅकेट, अलाइनमेंट. टायर झिजतील तेव्हा एक माप मोठे.

जुन्या सामानातून खर्च वाचवायचा असेल तर जागा निवडून वाचवा. यू-बोल्ट आवळताना ताणले जातात, म्हणून एकदा काढलेले पुन्हा वापरायचे नाहीत. सेंटर बोल्ट आणि ब्रेकचे होज यांचंही तेच. पाट्यांचा अख्खा संच मात्र जुना चालू शकतो. तुमच्याच मॉडेलची जास्त वजन वाहणारी आवृत्ती असेल तर भंगारातल्या त्या गाडीचे पाटे सहसा थेट बसतात, फक्त पाट्याची रुंदी, डोळ्यांतलं अंतर आणि सेंटर बोल्टची जागा आधी मोजून जुळवा. घेताना वायर ब्रशने घासून सेंटर बोल्टच्या भोकाभोवती आणि डोळ्याच्या वळणाशी केसाएवढी चीर दिसते का ते उजेडात नीट पाहा. दिसली तर तो संच सोडून द्या. आणि डावा-उजवा दोन्ही एकाच गाडीतले घ्या, नाहीतर गाडी एका अंगाला झुकते.